लाईट गेली तेव्हा राजकन्या दारात होती

मी पहिला भुताचा सिनेमा पाहिला तो जेमतेम दहा-बारा मिनिटं. त्यानंतर लाईट गेली, ती सकाळी दूधवाल्याच्या वेळेला आली. तोवर व्हीसीआरवाला आपला डबा पोत्यात गुंडाळून पहिल्या गाडीनं बेळगावला गेला होता.

गणपतीतली गोष्ट. बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागलं की आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण त्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब अजून मिटलेला नाही. मंडळानं माणशी दोन रुपये काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला होता. मारुतीच्या देवळासमोर मंडप, मंडपात टेबल, टेबलावर टीव्ही आणि टीव्हीच्या डोक्यावर कुणीतरी श्रद्धेनं ठेवलेलं जास्वंदाचं फूल. रात्रीत तीन सिनेमे. पहिला म्हाताऱ्या माणसांसाठी देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा, तिसरा 'पुराना मंदिर'. तो लावायच्या आधी व्हीसीआरवाल्यानं झाकण उघडलं, एका कोऱ्या नोटेनं हेड पुसलं, भटजीनं पळी पुसावी तसं सावकाश, आणि मान वर न करता म्हणाला, "ल्हान पोरं असतील ती घराकडं जाऊं देत."

एकही पोरगं उठलं नाही. सिनेमा त्या वाक्यापासूनच सुरू झाला होता, हे मला फार उशिरा कळलं.

'पुराना मंदिर' १९८४ चा. तुलसी आणि श्याम रामसे या भावांचा. सुरुवातीला दोनशे वर्षांपूर्वीची एक रात्र. राजाचा लवाजमा काळ्या पहाडीजवळ अडून पडतो आणि राजकन्या त्या पडक्या जागेकडं जाते. माझ्या शेजारी बसलेल्या पोरानं हा सिनेमा आधीच बेळगावच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "हे विजापुरातलं हाय बरं का." संपलं. आमची आत्या विजापूरला दिलेली. आजवर पाहिलेले सगळे राक्षस लंकेत नाहीतर पाताळात राहायचे. हा पहिला, जो सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येत होता.

राजकन्या दारात पोचली आणि डीपीवर ठो आवाज झाला. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, तो बारीक होत विझला. अर्धा तास सगळे तसेच बसले. कुणीतरी पुढची गोष्ट सांगायला लागलं, ती साफ चुकीची होती. मग नऊ पोरं एका बॅटरीच्या उजेडात घरी निघालो, बॅटरीचे सेल उतरलेले, आणि सगळ्यात मागं कोण चालणार यावर गल्लीच्या तोंडाशी भांडण.

पूर्ण सिनेमा पाहिला तो २००३ च्या सुमारास, कोल्हापुरात नोकरीला असताना, सीडी भाड्यानं आणून. सामरी नावाचा तो राक्षस सगळाच्या सगळा दिसला. डोकं वेगळं, धड वेगळं दिसला. मग दोन्ही एकत्र दिसला. ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनीयर, असं पुढं कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून तर मला सामरी म्हणजे बिल अडवून बसलेला साहेबच वाटायला लागला. मधे विनोदी भाग आला तेव्हा मी उठून चहा करून आलो. वाईट इतकंच वाटलं की सतराएक वर्षं जे सांभाळलं होतं ते अडीच तासांत खर्च झालं. राजकन्या दारात उभी आहे आणि आत काय आहे ते ठाऊक नाही, एवढ्या भांडवलावर मी कितीतरी रात्री काढल्या होत्या.

तेव्हापासून मी भुताचे सिनेमे पहिल्या प्रसंगासाठी बघतो. पुढचा सिनेमा बरा निघाला तर तो नफा.

आणि पहिल्या प्रसंगाची खरी उस्ताद आमची आज्जी. तिनं जन्मात तीन सिनेमे पाहिले, तिन्ही संतांचे. पण तिच्या गोष्टीची सुरुवात ऐकावी. "खालच्या शेताकडं जातानी बांधावरलं जांभळाचं झाड बघितलंय न्हवं तुमी?" एवढं विचारून ती थांबायची. आम्ही "हूं" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. सगळ्यांचं हूं आलं पाहिजे. ज्याचं हूं आलं त्याची सही झाली, आता त्याला पळता येत नाही. मग ती म्हणायची, "अमुशा न्हवती, पुनव न्हवती. साधा मंगळवार होता. तुमचा आज्जा बैलं घिऊन येत होता." जांभळाखाली काय होतं ते तिनं कधीही सांगितलं नाही. मी मोठा झाल्यावर खोदून विचारलं तरी नाही. तिनं सांगितलं ते एवढंच की आज्जा घरी आला, बैलांना पाणी न दाखवता आत आला, आणि दाराला आतनं कडी घातली. भर उन्हाळ्यात. तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "वैरण उद्या घालूया."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच यातली भीती कळेल. स्वतः उपाशी राहील पण बैल तहानलेला ठेवणार नाही असा माणूस बैलांकडं पाठ करून आत येतो, तर त्यानं काय बघितलं असेल? सिनेमावाले याला रिअ‍ॅक्शन शॉट म्हणतात. बघण्याची वस्तू दाखवायची नाही, बघणाऱ्याचा चेहरा दाखवायचा. आज्जीनं तर चेहराही दाखवला नाही. दाराची कडी दाखवली.

हिचकॉकच्या 'सायको'ची (१९६०) सुरुवात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आज्जीचा मंगळवारच आठवला. पडद्यावर अक्षरं सरकत येतात. फिनिक्स, अ‍ॅरिझोना. शुक्रवार, ११ डिसेंबर. दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. पावणेतीन म्हणून भागलं असतं की! पण नाही, त्रेचाळीस. पंचनाम्यात लिहितात तसं. पुढं काय होणार याचा पत्ता नाही, पण कधी आणि कुठं हे इतक्या काटेकोरपणे सांगणारा माणूस खोटं बोलत नसणार, असं आपलं मन आपोआप धरून चालतं. मग कॅमेरा शहरावरून फिरत फिरत एका इमारतीशी येतो, एका अर्धवट उघड्या खिडकीतून, खाली ओढलेल्या पट्ट्यांच्या पडद्याखालून आत शिरतो. आत एक बाई, एक माणूस, जेवणाच्या सुटीतली चोरटी भेट. रक्त नाही, अंधार नाही, भर दुपार. फक्त आपण दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरलोय. पुढं सिनेमात एक जण भिंतीच्या भोकातून बाईला चोरून बघतो, तेव्हा आपण त्याला नावं ठेवायला तोंड उघडतो आणि गप्प होतो. तेच काम आपण पहिल्या दोन मिनिटांत करून बसलेलो असतो.

मला वाटतं, पहिला प्रसंग ही शिकवणी असते. त्यात दिग्दर्शकाला आपल्याला घाबरवायची घाई नसते. जो पहिल्याच मिनिटाला मांजर अंगावर टाकतो, तो मला पैशाच्या बाबतीतही घाईचा माणूस वाटतो. चांगला दिग्दर्शक आधी डोळ्याला आणि कानाला वळण लावतो. कुठं बघायचं, कशाची वाट बघायची, कुठल्या आवाजाला मान वळवायची. तालमीत पहिले काही दिवस नुसते जोर-बैठकाच काढायला लावतात, तसं. कुस्ती नंतर.

हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब सिनेमाच्या गप्पांत सगळे सांगतात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यानं १९६२ मध्ये त्याची लांबलचक मुलाखत घेतली, तिच्यात तो आहे. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर बघणाऱ्याला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आहे हे बघणाऱ्याला आधीच दाखवलं आणि बोलणाऱ्यांना ठाऊक नाही, तर त्याच गप्पांवर पंधरा मिनिटांची घालमेल. मी हे आमच्याकडच्या मालावर तपासून पाहिलंय. खडेबाजारात चहाच्या दुकानात दोन म्हातारे सीमाप्रश्नावर बोलतायत. १९५६ पासून सुरू करून १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, मग २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तिथवर. बेळगावात जन्मलेल्या माणसाला हे संभाषण इतकं पाठ आहे की तो अर्ध्या वाक्यात कप खाली ठेवून उठतो. आता त्यांच्या बाकाखाली घोणस आहे असं मला एकट्याला दिसू द्या. महाजन आयोगातलं एकेक कलम काळीज कुरतडेल! "अहो तात्या, पाय हलवू नका" असं ओरडावंसं वाटेल आणि तात्या नेमके त्याच वेळी ठरावाचा आवेश येऊन पाय आपटतील.

पण भुताच्या सिनेमाचं गणित याहून जरा तिरकं आहे. तिथं घोणस आहे हे सांगतात, कुठल्या बाकाखाली ते सांगत नाहीत. अर्धंच ज्ञान द्यायचं. पूर्ण दिलं तर ती घालमेल होते, अजिबात नाही दिलं तर धक्का, आणि मोजून अर्धं दिलं की माणूस स्वतःच खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो.

पाय वर घेण्यावरून 'जॉज'. स्पीलबर्गचा, १९७५ चा. शार्क माशाचा सिनेमा म्हणून भुताच्या रांगेत बसवावा की नाही यावर वाद घालणारे घालोत, मी तो ज्या विहिरीकाठच्या डोक्यानं पाहिला त्या डोक्यात तो भुताचाच आहे. आम्ही पोहायला शिकलो ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून. डब्यामुळं छाती वर राहते, पाय मात्र खाली लोंबतात. वर ऊन, कडेला हसणारी माणसं, आणि पोटाखाली सहा पुरुष काळं पाणी. त्या पाण्यात आपले पाय कुणाला कसे दिसत असतील, हा विचार एकदा डोक्यात आला की हात मारायचं सुचत नाही. मामा काठावरून ओरडायचा, "खाली बघू नको, समोर बघ." आणि स्पीलबर्ग नेमकं खालून दाखवतो. रात्रीचा किनारा, शेकोटी, एक मुलगी पोहायला पाण्यात शिरते, आणि कॅमेरा पाण्याच्या तळाशी जाऊन तिच्या हलत्या पायांकडं वर बघतो. कोण बघतंय? जॉन विल्यम्सनं तिथं दोनच सूर ठेवलेत, शेजारशेजारचे, आधी सावकाश, मग लगबगीनं. मासा दिसत नाही. मुलीला एक हिसका बसतो, ती क्षणभर थांबते, स्वतःच गोंधळल्यासारखी. मला त्या प्रसंगातलं सगळ्यात भयंकर काय वाटतं तर ते थांबणं. पुढची ओढाताण कितीही असो. आणि शेवटी समुद्र पहिल्यासारखा शांत, काठावर तिचा सोबती दारूच्या नशेत आडवा.

तो यंत्राचा मासा खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून त्याला कमी दाखवावं लागलं, ही हकिगत आता जगजाहीर आहे. मला ती वाचून आमचा डीपीच आठवला. काही भीती बिघाडातून मिळालेल्या असतात. पण स्पीलबर्गचं कसब पुढं आहे. पहिल्या प्रसंगात त्यानं दोन सुरांची शिकवणी दिली, त्यामुळं नंतर नुसते सूर वाजवले तरी मासा आला. यंत्र दुरुस्त होवो न होवो.

सुरांवरून आणखी एक. आमच्याकडं हलगीचा ठेका ऐकला की न बघता कळतं, वरात आहे की तिरडी. लग्नघरात बसलेल्या माणसाच्याही हातातला घास तो ठेका ऐकला की वाटेत थांबतो. कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (१९८०) सुरुवातीला फक्त एक रस्ता आहे. डोंगर, तळं, आणि खाली मुंगीएवढी पिवळी फोक्सवॅगन वळणं घेत चाललीय. आपण वरून बघतोय, हेलिकॉप्टरमधून. कुणी सांगितलं नाही तर सहलीची जाहिरात म्हणून खपेल. पण त्यावर जे सूर घातलेत ते 'दिएस इरे'चे, मध्ययुगातल्या युरोपात मृताच्या प्रार्थनेत म्हणायचे. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाच्या कानाला ती हलगी आहे. माझ्या कानाला ती ओळख नव्हती, तरी जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटात पावसात गाडी घातली की मला ती पिवळी गाडी आठवते. धुकं, समोर दहा हात रस्ता, आणि वरून कुणीतरी आपल्याला बघतंय अशी उगीच जाणीव. कणकुंबीला चहाला थांबलं की ती जाते. पुन्हा गाडी चालू केली की येते.

आवाजाची भीती मला शिकवली ती मात्र विजापूरनं. सातवीत सहल गेली गोलघुमटाला. मोहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ ला पुरी झाली, घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर, वगैरे सगळं गुरुजींनी खालीच वहीत लिहून घेतलं. मी मनातून वेगळ्याच हिशेबात होतो. हे तेच विजापूर. राजकन्या अजून दारात उभी होती. अरुंद जिना चढून वर गॅलरीत गेलो. तिथं भिंतीशी कुजबुजलं तर समोरच्या टोकाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, हे गुरुजी सांगत होते तोवर माझ्या उजव्या कानाच्या अगदी मागं कुणीतरी माझं नाव घेतलं. हळू, प्रेमानं. मी वळलो. मागं भिंत. तोंडाला कोरड पडली आणि पलीकडं, एवढ्या मोठ्या पोकळीच्या दुसऱ्या काठावर, बोटभर दिसणारं एक पोरगं पोट धरून हसत होतं. मला ठाऊक होतं की तो तोच आहे. तरी घरी येईपर्यंत मी दोनदा मागं वळून पाहिलं. डोळे समोर, आवाज मागून, आणि दोघांचा मेळ बसत नाही, तेव्हा माणूस डोळ्यांवरचा विश्वास आधी सोडतो.

इटलीचा दारियो अर्जेंतो 'सुस्पिरिया'त (१९७७) यावर फार सोपी युक्ती करतो. मुलगी विमानतळातून बाहेर पडतेय. आत साधी वर्दळ. समोरचं आपोआप उघडणारं दार सरकतं तेव्हा बाहेरच्या वादळाबरोबर ते विचित्र संगीत आत येतं, दार मिटलं की गप्प. पुन्हा उघडलं, पुन्हा संगीत. म्हणजे संगीत सिनेमाचं राहिलंच नाही, ते बाहेरच्या हवेत आहे, आणि ही पोरगी आता त्या हवेत जाणार. मी हा सिनेमा उशिरा पाहिला, पण कॅम्पातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये याच्या उलटं घडायचं. उशिरा येणारा कुणी पडदा बाजूला सारून आत शिरला की त्याच्याबरोबर रस्त्यावरचा हॉर्न आणि भज्यांचा वास आत यायचा आणि सगळी भीती तिथल्या तिथं मरायची.

रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (१९६८) बहीण-भाऊ बापाच्या थडग्यावर फुलं ठेवायला येतात. भाऊ बहिणीला भुताच्या नावानं चिडवतोय. मागं लांब एक माणूस चालतोय, वाटसरू असावा तसा. आपण त्याच्याकडं लक्षही देत नाही, आणि तीच आपली चूक. तिथून पुढं सिनेमात चौकटीच्या कोपऱ्यात जो कुणी दिसेल त्याचा संशय. मी सध्या बेळगावात सकाळी फिरायला जातो तेव्हा लांबून सावकाश चालत येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांविषयी माझ्या मनात जे येतं, ते लिहिण्यासारखं नाही.

भिंतीवरची अक्षरंही पहिला प्रसंग होऊ शकतात. नव्वदच्या दशकात बेंगळुरूकडून 'नाळे बा'ची अफवा आमच्याकडं येऊन पोचली. रात्री एक बाई ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की खलास. उपाय एकच, दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहायचं, म्हणजे 'उद्या ये'. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते. (हीच कल्पना पुढं २०१८ च्या 'स्त्री' सिनेमात चंदेरीला गेली.) आमच्या गल्लीत यावर गंभीर चर्चा झाली. दारावर कन्नड का म्हणून? एरवी पाट्यांवरून मोर्चे काढणाऱ्या घरांनी काय करायचं? एक काका ठाम होते, "भूत मराठी असंल तर?" त्यावर शेजारच्या कन्नड मावशी म्हणाल्या, आमच्यात त्याला देव्व म्हणतात, त्याला काय भाषा? देव आणि देव्व यांत एका जोडाक्षराचं अंतर, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं आणि बरं वाटलं नाही. शेवटी काकांनी दारावर खडूनं दोन्ही भाषांत लिहिलं. वर मराठी, खाली कन्नड. सकाळी शाळेला जाताना ती सगळी गल्ली मी पाहिली आहे. दारामागून दार, खडूची पांढरी अक्षरं, आणि एकाही घरात अजून काही घडलेलं नाही. कॅमेरा असता तर नुसता त्या गल्लीतून सावकाश न्यायचा होता. आणि एका दारावर काही लिहिलेलं नसतं, तर तिथं क्षणभर थांबायचं. ते दार होतं शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं.

आपल्या मातीतला असा प्रारंभ कुणी केला तर तो राही अनिल बर्वे यांनी, 'तुंबाड'मध्ये (२०१८). १९१८ सालातला पाऊस, वाडा, विधवा आई आणि दोन पोरं. घरात साखळीनं बांधलेली एक म्हातारी आहे आणि तिला वेळेवर जेवण द्यायचंय. बस. सगळी भीती एका घरकामावर उभी केलीय. ताट कोण नेणार? पाणी आण, वैरण घाल, तसंच हेही एक काम, आणि ते टाळता येत नाही. खानापूर तालुक्यात ज्यानं जुलै काढलाय, ज्याच्या अंथरुणाला चार महिने बुरशीचा वास येतो, त्याला तो पाऊस वेगळा दाखवायला नको. तो बाहेर पडतच नाही, घरात मुरतो. रामसेंच्या सिनेमात वीज कडाडते ती आता काहीतरी होणार हे सांगायला. इथं पाऊस काहीच सांगत नाही, नुसता पडत राहतो, आणि त्यामुळं दार उघडून पळायची सोयच राहत नाही.

हे सगळं मी आता लिहितोय त्याचं कारण भाचा. इंजिनीयरिंगला आहे, मोबाइलवर भुताची छोटी फिल्म करतोय. दिवाळीनंतर गावी आला, बरोबर एक मित्र, एक ट्रायपॉड आणि तिसऱ्याकडून उसना आणलेला ड्रोन. पहिला शॉट ड्रोननं घ्यायचा, खाली उसाचा मळा, मग धाडकन आवाज आणि बुजगावण्याचा चेहरा, असं त्याचं ठरलेलं.

"मामा, पहिल्या पाच सेकंदांत लोकांनी बोट हलवलं तर खलास," तो म्हणाला.

त्याचंही खरं आहे. आज्जीला हूं मिळवायला अर्धा मिनिट लागायचा, याला पाच सेकंदांत मिळवायचंय. तरी मी म्हटलं, एक शॉट माझ्या म्हणण्यानं घे. ड्रोन नको. बांधावर ट्रायपॉड लाव, उसातून गेलेली गाडीवाट धर, दिवेलागणीला. काही घडायला नको. त्यानं तोंड वाकडं केलं, पण लावला. जांभळाचं झाड आता नाही, रस्ता रुंद करताना गेलं. त्याच्या जागेपासून वीसेक पावलांवर आम्ही तिघं उभे राहिलो.

ऊस उभा असला की वारा नसतानाही आत काहीतरी सरसरतं. पानं वाळलेली, एकमेकांवर घासणारी. उजेड इतका कमी झाला की वाट दिसत होती पण तिच्या कडा दिसत नव्हत्या. बांधावरून जाणारा एक ओळखीचा म्हातारा थांबला, "काय करुलालासा अट्टे अंधारात?" म्हणाला, उत्तराची वाट न बघता पुढं गेला. भाच्यानं पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्डिंग सुरू केलं.

तेवढ्यात पलीकडून कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या आणि गावभर ऐकू जाईल असं गाणं. भाच्यानं कपाळावर हात मारला, "साउंड गेला." उसाच्या शेंड्यांवरून ट्रॅक्टरचा दिवा फिरला, आमच्यावर आला, गेला. गाणं आमच्या समोरून वळणाकडं सरकत गेलं, थोडं बारीक झालं. आणि कडव्याच्या मधोमध, एका शब्दाच्या अर्ध्यावर, थांबलं.

इंजिनही थांबलं.

आम्ही वाट पाहिली. लाईट गेली की पाहतात तशी, आता येईल म्हणून. मित्र म्हणाला, "बंद पडला असंल." भाचा काही बोलला नाही. वळणावरून माणसाचा आवाज यायला हवा होता, एखादी शिवी, पाना आपटल्याचा आवाज, काहीतरी. दिवाही दिसत नव्हता. उसातली सरसर मघापेक्षा नीट ऐकू येत होती, कारण दुसरं काही ऐकायला नव्हतं. वीस पावलं पुढं गेलं असतं तर वळण दिसलं असतं. तिघांपैकी कुणीही पाय उचलला नाही. मोबाइलवरचे लाल आकडे तेवढे पुढं सरकत होते.